गाडी कोणाच्या हातून गेली

बाबूजींच्या हातून गाडी सोडवायचा बेत आमच्या घरात दोन वर्षं शिजत होता आणि त्यातला मुख्य आचारी मीच होतो. बाबूजी म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी ओलांडलेली, डोळे ऑपरेशननंतर लख्ख, हात स्थिर, पण कान गेलेले. यंत्र लावून दिलं तर ते खिशात घालून फिरतात. "कानात मुंगी फिरल्यासारखं होते," म्हणतात.

नागपूरचा धाकटा भाऊ दर रविवारी फोन करायचा आणि विचारायचा, "मागून ट्रकनं हॉर्न दिला तर यांना कळेल का? काही झालं तर निस्तरणार कोण?" निस्तरणार मीच होतो, कारण गोंदियाजवळच्या गोरेगावात मी राहतो, बियाणं-औषधांचं दुकान मी सांभाळतो. म्हणून मलाही ते पटत होतं. एकदा बायकोनं किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. बाबूजींनी आरडाओरडा केला नाही, कोणाला काही विचारलं नाही. बंडीच्या आतल्या खिशातून दुसरी किल्ली काढली आणि निघून गेले. त्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात उल्लूसारखे उभे होतो.

त्यांना गाडी कशाला हवी होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमचं धानाचं शेत चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली. पाण्याची पाळी आली की तिथं माणूस उभा लागतो. बसनं गेलं तर उतरून बरंच चालावं लागतं. दुसरं म्हणजे आत्याबाई. बाबूजींची धाकटी बहीण, आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बसची पहिली पायरी तिला चढवत नाही. ती कुठं जाते-येते ती भावाच्या गाडीतून. गाडी गेली असती तर बाबूजींचं शेत गेलं असतं आणि आत्याबाईचा उंबरठ्याबाहेरचा सगळा मुलूख गेला असता. एवढं सगळं त्या एका किल्लीवर होतं आणि आम्ही तिच्यामागे लागलो होतो.

गाडी जुनी, डिझेलवर चालणारी. रंग मूळचा कुठला ते आता सांगावं लागतं. उन्हाळ्यात ब्रेकच्या कामासाठी मी ती गोंदियाला गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं सहज म्हणून इंजिनाच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि मला बोलावलं. म्हणाला, "भैया, टायमिंग बेल्ट देखो. पूरा सूख गया है. अभी बदल डालो. टूटा तो इंजन लेके जाएगा."

मी वाकून पाहिलं. रबराच्या पट्ट्याला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात धानाच्या कोरड्या बांधीला पडतात तशा. हा पट्टा करतो काय, तर खाली फिरणारं इंजिन आणि वर वॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, या दोघांना एका तालात ठेवतो. तो तुटला की खालचे पिस्टन वर येतात आणि उघड्या राहिलेल्या वॉल्व्हवर आदळतात. हे सगळं मला ठाऊक होतं. उंटावरच्या शहाण्याला ठाऊक असतं तसं नाही, चांगलं ठाऊक होतं. ट्रॅक्टरची आणि या गाडीची इंजिनं मी बाबूजींच्या बरोबरीनं उघडली आहेत.

तरी मी म्हणालो, "अगली बार देखेंगे."

त्या वेळी मनात काय होतं ते लिहितो. गाडी यंदा विकायचीच आहे, तिच्यात कशाला जीव घालायचा, हा एक विचार होता. त्याच्या खाली दुसरा होता. ती आपणहून बंद पडली तर बरंच आहे. भांडण नको, रुसवा नको. सुंठीवाचून खोकला जाईल. बाबूजींना मी बेल्टचं बोललोच नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ते गोंदियाच्या रस्त्याला लागले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

दिवाळीच्या आधी एकदा त्यांच्या शेजारी बसून शेतावर गेलो. सकाळी गाडी चालू झाली तेव्हा बेल्टच्या बाजूनं हलका आवाज आला. फट, फट, फट. उसवलेला पट्टा आतून झाकणाला लागतो तेव्हा तसा येतो. इंजिन तापलं आणि आवाज दबला. बाबूजींना तो आला नाही. मला आला. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. धान पिवळं पडायला लागलं होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, रात्री नाटक होतं. आमच्या शेताजवळच्या गावची मंडई बाबूजी आणि आत्याबाई कधी चुकवत नाहीत, कारण त्या गावात त्यांचं आजोळ. त्या दिवशी दोघं दुपारी निघाले. मी दुकानात होतो. हरभऱ्याच्या बियाण्यासाठी माणसं उभी होती, एक जण पाव किलो औषधासाठी पाऊण तास डोकं खात होता आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. तेवढ्यात बाबूजींचा फोन आला.

"बंद पडली गा. स्टार्टर मस्त फिरून राहिला, पन पकडून नाई राहिली."

ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात. मी म्हटलं, "फिरवा पाहू एकदा." त्यांनी फोन खाली धरला असावा. मला आवाज आला आणि काय झालं ते कळलं.

चांगलं डिझेल इंजिन स्टार्टरवर कधी सुरळीत फिरत नाही. घुर्र, घुर्र, घुर्र, असं थांबत थांबत, दम खात फिरतं, कारण आत हवा दाबली जाते आणि ती हवा अडवते. फोनवर आला तो आवाज सलग होता. सुर्रर्र. दाणे संपल्यावर राईस मिलचा पट्टा मोकळा फिरतो तसा हलका, बिनवजनाचा. आत हवा दाबलीच जात नव्हती. बॅटरी चांगली होती, डिझेल कालच भरलं होतं. दुसरं काही असायला जागाच नव्हती.

तिकडे माणसं जमली होती. मंडईला निघालेला ट्रॅक्टर थांबला होता. कोणीतरी म्हणालं, "बाबूजी, दोर लावून ओढू का जी?" बाबूजींनी मला विचारलं, "हे ओढतो म्हणून राहिले. ओढू का?"

आमच्या भागात बंद पडलेलं काहीही ओढून चालू करतात. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की दुसरा ट्रॅक्टर दोर लावतो, गिअर टाकून क्लच सोडतात, धूर निघतो, काम झालं. ट्रॅक्टरच्या आत दातेरी चाकं असतात, तिथं तुटायला पट्टाच नसतो. या गाडीला मात्र ओढणं म्हणजे वॉल्व्हवर हातोडे मारणं. मला एवढंच म्हणायचं होतं, "नका ओढू, बेल्ट तुटला आहे." पण बेल्ट म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? दुकानात माणसं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "मी निघतोच. तुम्ही पाहा तिथं काय ते."

तुम्ही पाहा. वेळ मारून नेणारं हे वाक्य मी ग्राहकांना रोज वापरतो. बाबूजींनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. तसाच कोणीही घेतला असता.

मोटरसायकलनं पोचलो तेव्हा दुसऱ्यांदा ओढून झालं होतं. कालव्याच्या बांधावरून रस्ता खाली उतरतो आणि वळतो, त्या वळणावर गाडी बाजूच्या गवतात उभी होती. नायलॉनचा दोर अजून पुढे बांधलेलाच. आत्याबाई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसलेली. मला पाहिल्याबरोबर ती सांगू लागली. "उताराले होतो आमी. दिवा विझावा तशी गाडी विझली पाय. चाक दगडासारखं झालं. भाऊनं दोन्ही हातानं धरून ओढलं, पाय दाबून दाबून गवतात घेतली. खाली कालवा हाय गा! मी त देवाचं नाव घ्यायलेच विसरली."

इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं, ब्रेकही दगड होतो. उतारावर, वळणावर, एका बाजूला भरलेला कालवा. माझ्यासारख्याच्या हातून ती गाडी पाण्यातच गेली असती. या माणसाला गाडी झेपत नाही, असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो. तीच गाडी त्यानं वाचवली, हे तिथं उभ्या असलेल्या कोणालाही सुचलं नाही. मला सुचलं.

मग मी परीक्षा करायचं सोंग केलं. बॉनेट उघडलं. इंजिनात तेल टाकायचं झाकण काढलं. तिथून आत वरचा दांडा दिसतो. बाबूजींना खूण केली, त्यांनी किल्ली फिरवली. खाली स्टार्टर सुर्रर्र फिरला, वर दांडा तसाच निपचित. टॉर्च मारून पुन्हा पाहिलं, जणू मला खात्री करायची होती.

"टायमिंग बेल्ट गेला," मी म्हणालो.

ट्रॅक्टरवाला जाणता होता. कपाळावर हात मारून म्हणाला, "मंग ओढायले नव्हती पायजे. आतून पुरी मोडली असन." बाबूजींना ऐकू गेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "का म्हणते तो?"

तेव्हा मला हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "ओढायला नको होती, म्हणतो."

त्यांनी मान हलवली. दोराची गाठ स्वतः सोडली, दोर गुंडाळून ट्रॅक्टरवाल्याला दिला आणि त्याला हात जोडले. मंडईला ते गेले नाहीत. आत्याबाईला त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून, तिच्यावर बसवून परत आणली.

दुसऱ्या दिवशी गाडी पिकअपवर चढवून गोंदियाला न्यायची ठरली. बाबूजी पायजमा बदलून तयार होऊन बसले. मी म्हणालो, "तुम्ही कशाला त्रास घेता, मी जातो." मला त्यांच्या त्रासाची काळजी नव्हती. मेकॅनिक त्यांच्यासमोर काय बोलेल त्याची होती. मी एकटाच गेलो, आणि तो बोललाच. झाकण काढून बेल्टचे उडालेले दाते दाखवत म्हणाला, "मैंने बोला था ना भैया." मी विचारलं, बेल्ट तुटला तेव्हाच वॉल्व्ह वाकले की ओढल्यामुळे वाकले? तो म्हणाला, "वो तो अब भगवान जाने. थोड़ा तब गया होगा, थोड़ा खींचने से." मला हे उत्तर आवडलं. कारण त्यात ओढणाऱ्याच्याही वाट्याला थोडं येत होतं. इतका मी खाली उतरलो होतो.

घरी सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. भाऊ फोनवर म्हणाला, "बरं झालं, देवानंच सोडवलं. आता दुरुस्तीच्या भानगडीत पडू नको." बायको म्हणाली, "कोणाला लागलं नाही ना, मग झालं." सगळं खापर न फोडताच बाबूजींच्या डोक्यावर फुटलं होतं. कोणी त्यांना बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही, कारण ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मीनंच ओढायले लावली. माज्या हातानं गेली गाडी." धान कापणाऱ्या बायांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. मला त्यांनी फोनवर विचारलं होतं, हे त्यांच्या सांगण्यात कधीच आलं नाही. विसरले होते की मला वाचवत होते, कोणास ठाऊक. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि दोन्हीकडून जेवण गोड लागेना.

मग एका सकाळी चहा पिताना त्यांनी खिशातली किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "बेल्ट तुटायच्या आधी आवाज करते. मले मालूम हाय. दहादा आयकला असन मी दुसऱ्यांच्या गाडीत. आपल्या गाडीत मले आला नाई. आता माजा भरोसा नाई. तू सुधरव, तू चालव. फक्त आत्याबाईले नेत जा."

दोन वर्षांचा आमचा बेत सिद्धीस गेला होता. मी किल्ली उचलली. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता, त्या भरात मी बायकोवरच खेकसलो की चहात साखर जास्त आहे.

इंजिन उघडलं, वॉल्व्ह बदलले, नवा बेल्ट बसला. भाऊ रागावला, रागावू दे म्हटलं. गाडी आली त्या आठवड्यात आत्याबाईला गुडघे दाखवायला गोंदियाला न्यायचं होतं. मी चालवत होतो, बाबूजी माझ्या डाव्या बाजूला, आत्याबाई मागे. गोरेगाव सोडलं आणि बाबूजींनी विचारलं, "आवाज बरोबर हाय ना गा?"

"आहे."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. "नीट आयक. उजव्या अंगाले कान दे. काई फटफट येऊन राहिलं का?"

"नाही, बाबूजी."

असं ते विचारत राहिले. नवी गाडी हाती आलेला पोरगा विचारतो तसं नाही, आंधळा माणूस रस्ता विचारतो तसं. स्वतःचा काडीचा विश्वास उरलेला नाही आणि सगळा भार माझ्या कानांवर टाकलेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. आणखी एकदा त्यांनी विचारलं तेव्हा माझ्यानं राहवेना. बसथांब्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

मी म्हणालो, "बेल्ट तुमच्यामुळे नाही गेला."

"आं?"

बहिऱ्या माणसाजवळ असलं काही हळू आवाजात बोलायची सोय नसते. मला ओरडावं लागलं. "बेल्ट खराब आहे, हे उन्हाळ्यातच मेकॅनिकनं सांगितलं होतं! मी बदलला नाही! तुम्हाला सांगितलं नाही!" रस्त्यानं सायकलवर जाणारा एक जण वळून पाहायला लागला. मागे आत्याबाईचा पदर तोंडाशी गेला. मी तसाच ओरडत राहिलो. "तुम्ही ओढू का विचारलं, तेव्हाही मला कळलं होतं! मी नको म्हटलं नाही!"

बाबूजींनी मान समोरच्या काचेकडे वळवली. मला वाटलं, आता शिव्या देतील. मनातून मला त्या हव्याच होत्या. शिव्या खाल्ल्या असत्या, किल्ली परत दिली असती आणि माझ्यापुरतं प्रकरण मिटलं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आवाज? तो आलता तुले?"

"आला होता," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधी."

"आत्याबाईले घेऊन मी कालव्यावरून जातो, मालूम होतं?"

"होतं," मी म्हणालो.

मी काढून पुढे केलेली किल्ली त्यांनी घेतली नाही. दार उघडून ते खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि आत्याबाईला हात धरून उतरवू लागले. मी धावत पलीकडे गेलो. म्हटलं, "हे काय करता? तिला बसमध्ये चढता येत नाही. तुम्ही चालवा ना, गाडी तुमचीच आहे."

"माजे कान गेले, म्हून मी गाडी सोडली," बाबूजी म्हणाले. "तुले त आयकू येते."

गोंदियाची बस आली. आत्याबाईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तो परत खाली आला. कंडक्टरनं वरून हात दिला, बाबूजींनी खालून आधार दिला, तिसऱ्या वेळी ती कण्हत वर गेली. मी मदतीला पुढे झालो होतो, पण तिनं माझ्याकडे हात केला नाही. बस निघाली. मी रिकामी गाडी घेऊन गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत तिच्या मागे मागे गेलो.